पाणी गार न करणारा माठ: लाडी क्वाली, मॅग्डलीन ओडुंडो आणि भांड्याचं शिल्प होणं

गेरू

हल्ली सिरॅमिकच्या प्रदर्शनांत एक प्रकार हमखास दिसतो. सुरई, वाडगा, बरणी, किटली असं ओळखीचं भांडं, पण वापरता न येणारं. कुठे तोंड बुजवलेलं, कुठे बूडच कापून टाकलेलं, कुठे काठ फाडलेला. शेजारी पाटी, की हे शिल्प आहे. मला हे पटत नाही. भांडं निकामी केलं की शिल्प झालं, इतकं ते सोपं नसावं. या प्रकारात ज्यांची कामं मला खरोखर मोठी वाटतात त्यांनी भांड्याच्या पोटातली पोकळी जिवापाड जपली आहे. वापर सुटला तरी वापरातून आलेली हाताची समज सुटलेली नाही. यावर इथल्या जाणकारांशी बोलायचं आहे म्हणून हा धागा.

सुरुवात नायजेरियातल्या लाडी क्वाली यांच्यापासून करते. क्वाली हे त्यांचं गाव. ग्वारी समाजात मडकी घडवायचं काम बायकांचं, आणि लाडीबाईही लहानपणी घरातल्याच बाईकडून शिकल्या. चाक नाही. मातीचा गोळा बुडाशी ठोकून पसरायचा, भिंत वर ओढायची, मग मातीच्या वळ्या चढवत जायचं. मडकं जागेवर आणि बाई त्याच्याभोवती फिरते. आपल्याकडे चाक फिरतं आणि कुंभार बसलेला असतो, तिथे नेमकं उलट. त्यांच्या मोठ्या पाण्याच्या मडक्यांवर सरडे, विंचू, मगरी कोरलेल्या असत. भाजणं उघड्यावर, सुक्या काटक्यागवताच्या आचेत.

१९५० साली मायकेल कार्ड्यू हे इंग्रज कुंभार वसाहत सरकारचे अधिकारी म्हणून नायजेरियात आले. अबुजाच्या अमिराच्या घरी त्यांनी लाडीबाईंची मडकी पाहिली. १९५२ मध्ये त्यांनी अबुजात (आताचं सुलेजा, आजची राजधानी ती वेगळी) प्रशिक्षण केंद्र काढलं आणि १९५४ मध्ये लाडीबाई तिथे आल्या. त्या केंद्रातल्या पहिल्या बाई. चाकावरचं काम त्या तिथे शिकल्या, पण मोठी मडकी शेवटपर्यंत हातानेच घडवली. फरक पडला तो माती आणि भट्टीत. आता माती स्टोनवेअरची (जास्त आचेवर घट्ट भाजली जाणारी), कोरलेल्या रेषांत पांढरी माती भरलेली, वरून हिरवट ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप, आणि भाजणं १२०० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानाला.

इथे थोडं थांबू या, कारण सगळी गोम इथे आहे. साध्या मातीच्या माठाच्या भिंतीत बारीक छिद्रं असतात. पाणी त्यातून पाझरतं, बाहेर वाफ होतं, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला लागणारी साधारण ५८० कॅलरी उष्णता बरीचशी आतल्या पाण्यातून जाते. म्हणून पाणी गार. स्टोनवेअर भाजताना माती जवळजवळ काचेसारखी घट्ट होते, त्यावर ग्लेझचा थर. पाझर बंद. म्हणजे लाडी क्वालींच्या सर्वांत प्रसिद्ध मडक्यांत, जी १९५८पासून लंडनच्या प्रदर्शनांत गेली, पाणी राहील पण गार होणार नाही. घाट तोच, नक्षी तीच, भोवती फिरणारी बाई तीच. मूळ काम मात्र संपलं होतं.

तरीही ती मडकी समोर आली की पाण्याची वाटतात. पोट अशा ठिकाणी फुगलेलं की वजन तळाशी बसावं. गळा असा की डोक्यावर घेतल्यावर हिंदकळू नये. काठ बाहेर वळलेला, कारण उचलताना बोटं तिथेच जातात. लाडीबाईंनी यातली एकही गोष्ट काढली नाही. २००७ साली आलेल्या २० नायराच्या नोटेच्या मागच्या बाजूला मडकं घडवताना त्यांचं चित्र आहे. मडकी घडवणारी बाई देशाच्या चलनावर! मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता मॅग्डलीन ओडुंडो. जन्म १९५० चा, नैरोबीतला. १९७१ मध्ये इंग्लंडला शिकायला गेल्या आणि कार्ड्यूंच्या सांगण्यावरून १९७४ मध्ये अबुजाला आल्या. तिथे लाडी क्वालींकडे हाताने घडवणं शिकल्या. पुढे न्यू मेक्सिकोतल्या सान इल्डेफॉन्सोलाही गेल्या, जिथे मारिया मार्टिनेझ यांच्या घराण्यातली घोटलेली काळी भांडी होतात. या सगळ्यातून त्यांचं आजचं काम उभं राहिलं. ग्लेझ नाही. वळ्यांनी चढवलेलं, वाळलेल्या भोपळ्याच्या तुकड्याने खरवडून पातळ केलेलं, अतिशय बारीक मातीचा हात देऊन दगडाने घोटलेलं. पहिल्या भाजणीत केशरी-तांबडं होतं. हवा कोंडून पुन्हा भाजलं की काळं.

त्यांच्या मडक्याचं पोट एका बाजूला किंचित जास्त झुकलेलं असतं, गळा लांब, काठ कुठे कुठे पंख्यासारखा उघडलेला, पाठीवर मणक्यासारखे उंचवटे. बाईचं शरीर दिसतं, पोटुशी बाई दिसते. पण तोंड उघडं असतं. आत अंधार असतो आणि तो खरा असतो. कुणी त्यात पाणी भरणार नाही, तरी भरता येईल असंच ते घडवलेलं आहे. तोंड बुजवलं असतं तर तो नुसता मडक्याच्या आकाराचा पुतळा झाला असता.

तुम्हाला काय वाटतं? तुम्ही पाहिलेल्या, घडवलेल्या कामांबद्दल लिहा.

---

घोडनदी

सुंदर धागा, गेरूताई. पुरातत्त्वाच्या बाजूने भर घालतो.

भांड्यात शरीर पाहणं आपल्याकडेही फार जुनं आहे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८पासून तिथे अनेक हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० दरम्यानची शेतकऱ्यांची वस्ती. मुलं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, आत मूल, आणि ती जोडी घराच्या जमिनीखालीच पुरत. रोजच्या घरातली मडकी आणि ही मडकी यांचा घाट फार वेगळा नसे.

आणि एक दफन तर अजोड आहे. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं घर, धान्यकोठार असलेलं. त्याच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा मोठा मातीचा रांजण, आणि त्यात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. मोठी माणसं सहसा जमिनीत उताणी पुरत, म्हणून हा कुणी प्रतिष्ठित असावा असं मानतात. तो रांजण धान्याच्या कणगीचा भाऊच दिसतो. त्याला शिल्प म्हणायचं की भांडं, हा प्रश्न घडवणाऱ्याला पडलाही नसेल. चार पाय आणि पोट दिल्यावर आत माणूस बसवायचा हे त्याला माहीत होतं.

ओडुंडोंच्या काळ्या-तांबड्या भांड्यांवरून विदर्भ आठवला. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांचं रिंगण केलेल्या दफनांत, काळी-तांबडी भांडी मिळतात. बाहेर तांबडी, आतून आणि काठाशी काळी. जिथे हवा पोचली तिथे तांबडं, जिथे कोंडली तिथे काळं. तत्त्व तेच, लोहयुगातलं.

---

कुंभारआळी

नमस्कार. मी वाचतो रोज, लिहितो कमी. आमचं घराणं कुंभाराचं. वडील अजून माठ घडवतात, मी नोकरी करून सुट्टीच्या दिवशी त्यांच्या हाताखाली असतो.

ताईंनी पाझराबद्दल लिहिलंय ते अगदी बरोबर. आम्ही मातीत चाळलेली राख, घोड्याची लीद, वाळू घालतो ती त्यासाठीच. लीद आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, जळून जाते आणि तिची जागा मोकळी राहते. वाळू फार झाली तर माठ रडतो, म्हणजे घरभर पाणी. कमी झाली तर पाणी गार होत नाही आणि गिऱ्हाईक माठ परत घेऊन येतं. वडील माती चिमटीत घेऊन, दातांत धरून सांगतात किती वाळू टाकायची.

चाकावर माठ पुरा होत नाही हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. चाकावर फक्त गळा आणि जाड भिंत. मग जरा सुकल्यावर आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने थापत थापत पोट फुगवायचं. दोन्ही हातांचा ठोका एकाच जागी पडला पाहिजे. आवाज बदलला की भिंत पातळ झाली. वडील बोलता बोलता थापत असतात, पण कान तिकडेच असतो.

आता मनातलं. लाडीबाई नोटेवर आल्या, फार आनंद झाला वाचून. पण माझ्या आईने जन्मभर माती मळली, माठ थापले, काव म्हणजे तांबडी माती लावली, आवा रचला. चाकाला मात्र हात लावू दिला नाही कुणी, कारण आमच्यात चाक बाईने फिरवायचं नसतं. त्या ग्वारी बायका चाकाशिवाय एवढं मोठं मडकं घडवतात हे आईला सांगितलं. ती म्हणाली, मग मलाही आलं असतं की.

आणि दुसरं. प्रदर्शनातल्या त्या भांड्याला काचेची पेटी मिळते. वडिलांच्या माठाचा घासाघीस करून भाव पाडतात. घडवायला लागणारी अक्कल सारखीच आहे असं मला वाटतं. यावर कुणी बोलत नाही.

---

गेरू

कुंभारआळीदादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यावरचा सर्वांत मोलाचा. थापीचा आवाज ऐकून भिंतीची जाडी कळणं, हे ज्ञान कुठल्याही कलाशाळेत शिकवलं जात नाही.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला मी पूर्ण सहमत आहे. लाडी क्वालींबद्दलही हेच विचारलं जातं. कार्ड्यूंनी पाहिलं म्हणून त्या लंडनला गेल्या. क्वालीतल्या इतर बायका तेवढीच चांगली मडकी घडवत होत्या आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. म्हणूनच मला वाटतं, या कलेबद्दल लिहिताना माठ घडवणाऱ्याचं नाव लिहायची सवय आपणच लावून घ्यायला हवी. प्रदर्शनाच्या पाटीवर माती कुठली हे लिहितात, मग माती मळणाऱ्याचं नाव का नको?

आईंना चाकाशिवाय एक मडकं घडवायला सांगाच. फोटो टाका इथे. मी वाट पाहीन.

---

टेम्सकाठ

लंडनमधून लिहितेय. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एडमंड द वाल यांचं २००९ चं काम आहे, त्याचा उल्लेख इथे हवाच. सिरॅमिक्सच्या दालनात अगदी वर, घुमटाखाली, लाल रंगाचं गोल फडताळ आणि त्यावर पोर्सिलेनची ४२५ भांडी. पांढरी, फिकट हिरवी, करडी. ती इतकी उंच आहेत की घाट धड दिसत नाहीत, नुसती रांग जाणवते. ती भांडी चाकावर घडवलेली, उघड्या तोंडाची. कुणाच्याही हाताला न लागणारी.

मान वर करून बराच वेळ पाहिलं. सुंदर आहे, पण मला लांबचंच राहिलं. ओडुंडोंचं भांडं काचेआड होतं तरी जवळचं वाटलं. एका केशरी भांड्याच्या कुशीत हाताच्या पंजाएवढा काळा डाग होता, कडेला जांभळट होत गेलेला. तिथे भट्टीत हवा कमी पडली असणार. घोटलेल्या पृष्ठभागावर दालनातला दिवा पडत होता, पण चकाकी ग्लेझसारखी वर तरंगत नव्हती, आतूनच आल्यासारखी. रखवालदार बाई म्हणाल्या, लोक काचेला नाक लावतात, रोज पुसावी लागते.

गेरूताईंच्या मुद्द्याला धरून ग्विन हॅन्सन पिगॉट (१९३५–२०१३) यांचं नाव सुचवते. ऑस्ट्रेलियन. आयुष्यातली कितीतरी वर्षं रोजच्या वापराचे कप-वाडगे घडवले. १९८०च्या दशकापासून तीच भांडी त्या गटाने मांडू लागल्या: दोन बाटल्या, तीन कप, एक वाडगा. मोरांदी या इटालियन चित्रकाराच्या बाटल्यांची चित्रं त्यांच्या डोळ्यांपुढे होती. त्या गटातला कुठलाही कप उचलून चहा पिता येईल. पण उचलला की शेजारच्या बाटलीशी असलेलं अंतर मोडतं. काहीही फोडलं नाही, बुजवलं नाही. फक्त मांडणी.

---

निळा_पारवा

गेरू, तुमचा लेख आवडला, पण मूळ मुद्द्याशी मतभेद आहे.

फाडणं, भोसकणं यालाही अर्थ असतो. पीटर व्हूल्कस (१९२४–२००२) घ्या. हा माणूस आधी चाकावरचा उस्ताद. वापराच्या भांड्यांसाठी बक्षिसं मिळवलेला. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ओटिस या कलाशाळेत शिकवायला आला आणि तिथून पुढच्या वर्षांत त्याने ताटं चिरली, भोकं पाडली, मातीत पोर्सिलेनचे खडे दाबून बसवले, रांजणावर रांजण चढवून उतरंड रचली. त्या ताटात जेवता येत नाही. पण चिरलेल्या जागी माती किती जाड होती, किती ओली होती, हात किती जोरात गेला, हे सगळं दिसतं. चांगलं घोटलेलं भांडं हे सगळं लपवतं.

आपल्याकडे भांडं फोडण्याला काय अर्थ आहे हे वेगळं सांगायला नको. अंत्यविधीत खांद्यावरच्या मडक्याला भोक पाडून, पाण्याची धार धरत चितेला फेरी घालतात आणि शेवटी ते मागे टाकून फोडतात. ते फुटलेलं मडकं जे सांगतं ते शाबूत मडकं सांगू शकत नाही.

---

गेरू

निळा_पारवा, व्हूल्कसचं उदाहरण चोख आहे. माझ्या मते ते माझ्याच बाजूला येतं. त्याने ताट चिरलं ते ताट हातात पूर्ण मुरल्यावर. कुठे चिरलं की ते कोसळेल आणि कुठे चिरलं की उभं राहील, हे त्याला चाकाने शिकवलं होतं. माझी तक्रार आहे ती साच्यात ओतलेली तयार किटली घेऊन तिची चोच कापणाऱ्या कामांबद्दल. तिथे कापणाऱ्याला किटलीबद्दल काहीच म्हणायचं नसतं.

अंत्यविधीच्या मडक्याबद्दल मात्र तुम्ही मला विचारात पाडलंत. तिथे फोडण्याला अर्थ येतो कारण क्षणापूर्वी त्यात पाणी होतं. भरलेलं होतं म्हणून रिकामं होणं दिसलं. प्रदर्शनात फोडलेलं भांडं बहुतेकदा कधी भरलेलंच नसतं. यावर अजून विचार करते.

---

उंबरठा

वाचनखूण साठवली आहे. प्रश्न: अशी कामं भारतात कुठे पाहायला मिळतील? मी ठाण्यात राहते. आणि स्टीलची भांडी यात धरायची का? शिल्पकार सुबोध गुप्तांचं काम पाहिलंय, डबे, ताटं, हंड्यांचं.

---

चाकावरची

उंबरठा, सुबोध गुप्तांचं काम तयार भांडी जमवून रचलेलं असतं. त्यांचा २००८ चा ढग, अणुस्फोटासारखा वर फुटणारा, पूर्णपणे स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आहे. जबरदस्त काम, पण तिथे अर्थ संख्येतून येतो. मातीच्या कामात एकेका भांड्याची भिंत कुणीतरी घडवलेली असते. दोन्ही आवडतात, तरी मी वेगळे धरते.

पाहायचं तर ठाण्याहून भाईंदर जवळ आहे. ब्रह्मदेव राम पंडित यांचं काम तिथे घडतं. मूळ बिहारच्या कुंभार घरातले, २०१३ ची पद्मश्री. स्टोनवेअरमध्ये त्यांनी जे वाडगे आणि मोठे घट केले आहेत त्यांचे ग्लेझ फोटोत कळत नाहीत, समोरच पाहावेत. कुंभारआळीदादांनी वर जे विचारलं त्याचं एक उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. पाँडिचेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आजच्या भारतीय स्टुडिओ कुंभारांतले कितीतरी जण तिथे तयार झाले. आणि इंडियन सिरॅमिक्स ट्रिएनाले हे मोठं प्रदर्शन: पहिली २०१८ मध्ये जयपूरला जवाहर कला केंद्रात झाली, दुसरी २०२४ मध्ये दिल्लीला. पुढची जाहीर झाली की इथेच कळवीन.

कुणाला ओडुंडोंसारखा घोटीव पृष्ठभाग करून पाहायचा असेल तर पद्धत देते. बारीक माती एक भाग, पाणी दोन भाग, आणि मातीच्या वजनाच्या अर्धा टक्का सोडियम सिलिकेट. ढवळून साधारण दिवसभर हलवायचं नाही. तीन थर होतात. वरचं पाणी नळीने काढून टाका, मधला दुधासारखा थर काढून घ्या, तळाचा गाळ सोडा. हा मधला थर पूर्ण सुकलेल्या मडक्यावर मऊ ब्रशने दोनतीनदा, आणि ओल आत ओढली जाताच मऊ कापडाने किंवा गुळगुळीत गोट्याने घोटायचं. भाजताना १००० अंशांच्या वर जाऊ नका, चकाकी मरते. काळं हवं असेल तर एकदा भाजल्यावर पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात लाकडाच्या भुश्यात पुरून भुसा पेटवा, झाकण लावा. मोकळ्या जागेत करा, धूर फार होतो. सोसायटीच्या गच्चीवर मुळीच नको.

---

कुंभारआळी

चाकावरचीताई, आम्ही काळी मडकी करतो तेव्हा आवा विझत आला की ओला पाला आणि लीद टाकून वरून मातीने लिंपतो. धूर आत कोंडला की काळं. तुमचा डबा म्हणजे छोटा आवाच.

त्या मधल्या थराचं वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, कावेचं पाणी निवळून वरचं घेतो तेच हे, फक्त आम्ही औषध घालत नाही, दोन दिवस थांबतो. घोटायला ते सागरगोटा वापरतात, नदीतल्या गोट्याला बारीक ओरखडा असतो म्हणाले.

आईने कालपासून माती भिजत घातली आहे. वाळू कमी घ्या म्हटलं तर ऐकत नाही, तिला त्यात पाणीच भरायचंय. वाळलं की फोटो टाकतो.